भुरीची मागची चाकं

बाबूसिंग मिस्त्रीला नम्रपणा जमत नसे. प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण ‘बघू, जमलं तर करू’ म्हणायला त्याने तोंड उघडलं की आतून ‘करून टाकतो ना जी, त्यात काय’ हेच बाहेर पडायचं. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा तो ते करूनही टाकायचा. ही गोष्ट त्या दहाव्या वेळेची आहे.

साल अठ्ठावन्न. आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आर्णीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना मात्र अजून कोणी ते कळवलं नव्हतं. बाबूसिंग आडे राहायचा अरुणावती नदीच्या पलीकडच्या तांड्यात आणि काम करायचा अलीकडे, यवतमाळ रस्त्यावरच्या एका बाभळीखाली. बाभूळ हेच त्याचं दुकान. पावसाळ्यात पाने-हातोडे ताडपत्रीखाली जायचे आणि मिस्त्री पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन काम करायचा.

त्याचा आजा डोंगरसिंग, तांड्याच्या बोलीत दादा, लदेणीचा माणूस. शे-दीडशे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तो मुलूख पालथा घालायचा. पुढे आगगाडी आली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि बाबूसिंगच्या बापाने तांड्याजवळ जमीन फोडून कपाशी लावली. बाबूसिंगला मात्र कपाशीत रस नव्हता. महायुद्धात अठराव्या वर्षी तो कामठीच्या छावणीत गेला, लष्करी ट्रक धुता धुता ते उघडायला शिकला, आणि सेहेचाळीस साली परत आला तेव्हा त्याच्याजवळ पान्यांचा एक संच, एका शीख हवालदाराची शिकवण आणि भरपूर हिंदी होती. गावातली तेलाची इंजिनं, पंप, सरकीच्या मशिनी, जे बंद पडेल ते त्याच्या बाभळीखाली यायचं. एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे मोटार. आर्णीत खाजगी मोटार होती एकच, आणि ती बिघडली की नागपूरला जायची.

ती मोटार वामनरावांची. वामनराव मोठे कास्तकार, माणूस सरळ, पण नागपूरचं वेड जबर. त्यांच्या लेखी चांगली गोष्ट म्हणजे नागपूरहून आलेली गोष्ट. बायकोसुद्धा त्यांनी नागपूरचीच केली होती, आणि तिथे मात्र त्यांचा हिशेब चुकला. कारण विजयमालाबाई नागपूरहून आल्या त्या मोटार चालवायला शिकूनच आल्या. बापाने शिकवली होती. एका निवृत्त इंजिनिअरकडून वामनरावांनी अडतीस सालची जुनी अमेरिकन मोटार घेतली, तेव्हा ड्रायव्हर शोधायला ते बाहेर पडले आणि घरी आले तर बाई गाडी घेऊन मळ्याला जाऊन आलेल्या. राखी रंगाची म्हणून बाईंनी तिला ‘भुरी’ म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळी आर्णी भुरीच म्हणू लागली.

त्या पौषात भुरीच्या मागच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. आधी गुणगुण, मग गुरगुर, आणि वेग वाढला की जात्यात खडे पडल्यासारखी खरखर. बाई गाडी सरळ बाभळीखाली घेऊन आल्या. शेजारी वामनराव बसले होते, तोंड कडू करून.

बाबूसिंगने जॅक लावून चाक जमिनीवरून उचललं, दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवलं. चाक लटपटलं. आतल्या बाजूला काळ्या तेलाचे ओघळ आले होते.

“बेरिंग खाल्ली जी,” तो म्हणाला. “सीलबी गेले. आतलं तेल बाहेर येऊन राह्यलं. दोन्ही चाकाचं करा लागते.”

“दोन्ही?” वामनराव म्हणाले. “रडून राह्यलं तर एकच चाक.”

“दुसरं उद्या रडन. चपलेचा एकच पाय बदलता काय तुमी?”

“मी गाडी ट्रकवर टाकून नागपूरले धाडतो.”

“धाडा,” विजयमालाबाई म्हणाल्या. “अन् माघी चौथीले कळंबच्या चिंतामणीले मी काय बैलबंडीत बसून जाऊ? आठ दिवस राह्यले. बाबूसिंग, आठ दिवसांत होईन?”

“पाच दिवसांत करून टाकतो ना जी, त्यात काय.”

वामनरावांनी समोर बोट केलं. रस्त्याच्या कडेला त्यांची टिनाची शेड होती, पूर्वी कापूस ठेवायची, आता रिकामी. ती कारखान्यासाठी मिळावी म्हणून बाबूसिंगने तीनदा विचारलं होतं आणि तीनदा नाही ऐकलं होतं. ती शेड हे त्याचं एकमेव स्वप्न होतं. डोक्यावर छप्पर, भिंतीला खिळे, खिळ्यांना पाने. रात्री झोपेतसुद्धा तो त्या भिंतीवर पाने लावत असे, असं त्याची बायको रुपीबाई सांगायची.

“ठीक हाय,” वामनराव म्हणाले. “कळंबले जाऊन-येऊन गाडी नीट राह्यली, तर शेड तुही. अन् वाटेत कुठं अडली, तर शेडचं नाव पुन्हा काढायचं नाही, अन् माह्या गाडीले हातबी लावायचा नाही. मंजूर?”

“चाबी आजच देऊन ठेवा जी. पुन्हा कायले हेलपाटा?”

विजयमालाबाई हसल्या. वामनराव हसले नाहीत.

बेरिंगा नागपूरहून मोटारबसच्या कंडक्टरसोबत तिसऱ्या दिवशी आल्या. सील काही मिळाले नाहीत. इतक्या जुन्या गाडीचे आता येत नाहीत, असा निरोप आला. सील म्हणजे तरी काय, तर चाक फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याभोवती घट्ट बसणारी चामड्याची कडी. प्रत्येक चाकाला दोन. आतली कडी गाडीच्या पोटातलं तेल अडवते आणि बाहेरची कडी बेरिंगचं ग्रीस अडवते. बाहेरची सुटली की ग्रीस थेट ब्रेकवर जातं, आणि ग्रीस लागलेला ब्रेक म्हणजे पायाखालची शेवाळलेली फरशी.

बाबूसिंग जुने सील घेऊन रामधनकडे गेला. रामधन चपला-जोडे शिवायचा. त्याचा बाप रायपूरकडून आलेला, त्यामुळे त्याची बोली अजून तिकडचीच होती. त्याने ते सील बोटावर फिरवून पाहिले.

“इतना छोटा जूता? किसका पाँव है, भाई?”

“मोटारचा. रेडकाचं मऊ कातडं पाह्यजे. चार कापून दे.”

“चार बोलते हो तो पाँच काटूँगा. चमड़े का क्या भरोसा.”

पाच कड्या कापल्या गेल्या, कोमट तेलात भिजल्या आणि लाकडी साच्यावर बसून घट्ट झाल्या. जुन्या सीलांच्या पत्र्याच्या वाट्या हलकेच उघडून बाबूसिंगने त्यात नवं चामडं बसवलं. नागपूरहून आलेल्या सीलाला लाजवील असं ते काम होतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता.

आता चाकाचा हब काढायचा. ह्या गाडीचा हब दांड्याच्या निमुळत्या टोकावर असा काही रुतून बसतो की तो ओढून काढायला मोठा पुलर लागतो. बाबूसिंगजवळ पुलर नव्हता. पण हवालदाराची युक्ती होती. हबांचे दोन्ही नट दोन-दोन आटे ढिले केले, सुटून पडू नयेत म्हणून पिना परत घातल्या, चाकं चढवली आणि तो म्हणाला, “बाईसाहेब, आता गाडी खळ्यावर न्या अन् इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवा. वळताना ब्रेक मारा.”

“ढिल्या चाकांवर?” वामनराव ओरडले. “माणसं मारतो काय बे?”

बाई बसल्यासुद्धा. खळ्यावर भुरीने एक आकडा काढला, दुसरा काढला, वामनरावांनी डोळे मिटले, आणि तिसऱ्या वळणावर ‘ठाण्’ असा बंदुकीसारखा आवाज झाला. खळ्याभोवतीच्या बाभळींवरची पाखरं उडाली. पुढच्या वळणावर दुसरा आवाज. दोन्ही हब सुटले होते.

“ट्रकवर नागपूरले गेली असती,” बाबूसिंग वामनरावांना म्हणाला, “तर हे पाहाले भेटलं असतं काय?”

पुढचं काम त्याने खरोखर देखणं केलं. दांडे बाहेर ओढले, खाल्लेल्या बेरिंगा छिन्नीने फोडून काढल्या, दांड्याला ओरखडा न उठू देता. नव्या बेरिंगा तेलाच्या कढईत तापवल्या आणि गरम गरमच दांड्यावर सरकवल्या. थंड झाल्या की त्या आपोआप जखडून बसतात. पितळी पत्र्याच्या पातळ चकत्या घालून दांड्याचा खेळ जमवला. हाताने ओढला-ढकलला तर जेमतेम बोटांना कळावा एवढाच खेळ. कमी ठेवला तर बेरिंग जळते, जास्त ठेवला तर चाक नाचतं. हा खेळ जमवायला त्याला एक आख्खी दुपार लागली, पण चेहऱ्यावर कंटाळा नव्हता.

राहिलं होतं ग्रीस. एव्हाना भोवती सात-आठ रिकामटेकडी माणसं जमली होती, आणि ऐकणारे भेटले की बाबूसिंगची जीभ सैल सुटायची.

“आमच्या दादाच्या लदेणीत एक कायदा होता,” तो बेरिंगच्या रोलरांमध्ये तळहाताने ग्रीस दाबत सांगू लागला. “ज्यानं गोनी बांधली, त्यानं पयल्या मुक्कामापर्यंत त्याच बैलाच्या संग चालायचं. मंग तो म्हातारा असो का तांड्याचा नायक असो. गोनी कलली, दोरी काचली, तर ज्यानं बांधली त्यालेच पयले दिसलं पाह्यजे. मालकानं सांगाच्या आधी.”

“अन् बंड्या आल्यावर?” कोणीतरी विचारलं.

“बंड्या आल्यावर ओंगण! दादा म्हणे, घरच्या भाकरीवर तेल नसलं तर चालन, पण चाकाले ओंगण देताना हात आखडायचा नाही. चाक हासलं पाह्यजे.”

लोक हसले. बाबूसिंगचे हात चालूच होते. रोलर भरून झाले होते, पण चाकाच्या घरात पोकळी दिसत होती आणि डब्यात ग्रीस होतं. तीन पिढ्यांचे हात ते; पोकळी दिसली की भरायची एवढंच त्यांना ठाऊक. गोष्ट संपली तेव्हा दोन्ही चाकांची घरं काठोकाठ भरली होती आणि डबा पुसून कोरडा झाला होता. बाबूसिंगने तो न बघताच बाजूला भिरकावला.

संध्याकाळी भुरीने गावात दोन फेऱ्या मारल्या. चाकांचा आवाज नाही, ब्रेक चोख. वामनरावांनी मान हलवली, आणि त्या रात्री बाबूसिंगने झोपेत शेडमध्ये बरेच पाने टांगले असावेत.

चतुर्थीला सकाळी सात वाजता भुरी बाभळीपाशी थांबली. वामनरावांच्या डोक्यावर नवी टोपी होती. मागची बैठक रिकामी होती.

“चल, बस मागं,” विजयमालाबाई म्हणाल्या. “चिंतामणीचं दर्शनबी होईन, अन् तुह्या चाकांचंबी.”

इथे खरं म्हणजे त्याने बसायला हवं होतं. पण पाच-सात लोक बघत होते, आणि बाबूसिंगला नम्रपणा जमत नसे.

“कायले जी? काम बाबूसिंगचं हाय. तुमी डोये मिटून जा.”

“डोळे मिटून चालवत नाही मी,” बाई म्हणाल्या, आणि भुरी यवतमाळच्या रस्त्याला लागली. आधी जवळ्याला त्यांच्या बहिणीकडे फराळ, मग घाट चढून यवतमाळ, आणि तिथून उतरत कळंब.

घटकाभराने रुपीबाई बंडी घेऊन आली. कापूस वेचायला निघाली होती. घागऱ्याचा काचा मारलेला, कासरा हातात, आणि बंडीचं उजवं चाक वेशीवरूनच ऐकू यावं असं ओरडत होतं.

“ओंगण द्या,” ती म्हणाली. “आठ दिवसांपासून म्हणून राह्यले, मोटारीचं उरलं का बंडीले देतो. कुठं हाय?”

“असन तिथं डब्यात.”

रुपीबाईने डबा शोधून काढला, उलटा केला, आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

“दोन शेर ओंगण होतं यात. कुठं गेलं?”

“चाकात.”

“सारं? दोन चाकांत?” तिने डबा त्याच्यापुढे धरला. “मोटारीचं चाक बंडीपेक्षाबी खादाड असते काय?”

बाबूसिंगने डब्यात पाहिलं. तो चमकणारा कोरडा तळ पाहताच त्याच्या कानात बारा वर्षांपूर्वीचा हवालदार गरजला: ‘रोलर का पेट भर, मकान मत भर! ग्रीस गरम होके फूलेगा तो कहाँ जाएगा, तेरे बाप के घर?’ शेकडो चाकं त्याने कामठीत भरली होती, आणि एकाही चाकाचं घर भरलं नव्हतं. ह्या वेळी मात्र डोकं दादाच्या गोष्टीत होतं आणि हात दादाचे झाले होते.

बंडीचं चाक उघडं. जास्तीचं ओंगण गळून मातीत पडतं, कोणाचं काही बिघडत नाही. मोटारीचं चाक बंद. चढावर ते तापणार, ग्रीस पातळ होऊन फुगणार, रामधनचं कोवळं चामडं उलटवून बाहेर येणार आणि थेट ब्रेकवर. आणि मग यवतमाळच्या पुढचा उतार.

“चामडं धरनबी कदाचित,” तो स्वतःशीच म्हणाला.

हे कदाचित त्याला फार मोहाचं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चामडं धरलं तर उद्या शेड त्याची. मागे धावून गाडी अडवली, तर ‘वाटेत अडली’ हे त्याने स्वतःच करून दिलेलं, आणि शेड गेलीच. कोणाला काही कळलेलं नव्हतं. डबा होता आणि रुपीबाई होती.

रुपीबाईला बेरिंग ठाऊक नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा ठाऊक होता. “गोनी तुमी बांधली,” ती म्हणाली, “अन् बैल एकटाच सोडला?”

बाबूसिंग उठला. पाने, हातोडा, पाइप, उरलेलं पाचवं सील, चिंध्या, पॉलिश कागद, सगळं पोत्यात भरून त्याने सायकलच्या मागे बांधलं. रुपीबाईने रिकामा डबा हँडलला अडकवला.

“ह्यो कायले?”

“जास्तीचं काढसान, ते काय जवळ्याच्या मातीत टाकता? बंडीले लागते मले.”

जवळा सात-आठ मैल. बाबूसिंगने ती सायकल अशी हाणली की समोरून येणाऱ्या कापसाच्या बंड्यांचे बैल बुजले. डबा हँडलवर सारखा वाजत होता, आणि प्रत्येक ठोक्याला तो स्वतःला एक शिवी देत होता. शिव्या संपल्या तेव्हा जवळ्याचं देऊळ दिसलं.

भुरी बहिणीच्या घरापुढे उभी होती. बाबूसिंगने सायकल टाकली, कोणाला हाक न मारता मागच्या चाकाशी बसला आणि हाताची मागची बाजू डाव्या हबला लावली. तीनसुद्धा मोजता आले नाहीत, हात मागे आला. उजवा हब नुसता कोमट होता. डाव्या ब्रेकच्या ड्रमच्या आत डोकावून पाहिलं, तर कडेला ग्रीसची बारीक काळी रेघ उमटली होती. सात-आठ मैलांत एवढी. पुढे काय झालं असतं ते सांगायला हवालदाराची गरज नव्हती.

वामनराव ओसरीवरून उठून आले. “तू इथं काहून?”

“गाडी पुढं जाणार नाही जी,” बाबूसिंग धापा टाकत म्हणाला. “चूक माही हाय. ग्रीस जादा भरलं. ब्रेकवर येऊन राह्यलं.”

“म्हणलं होतं मी!” वामनराव कडाडले. घरातली माणसं दारात आली. “नागपूरले धाडली असती तर झालं असतं काय असं? बंडीवाल्याच्या हाती मोटार दिली! शेड विसर तू आता.”

बाबूसिंगला ते शब्द लागले. बंडीवाला म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, ते खरंच होतं. शेड गेली याचं मात्र इतकं वाईट वाटलं की क्षणभर समोरची भुरी धूसर झाली. पण तो चाकापासून हलला नाही.

“शेड ठेवा तुमच्यापाशी. अडीच तास द्या, अन् गाडीची चाबी द्या. चाबी नाही दिली तर मी चाकाखाली बसतो, पण ह्या चाकांवर बाईसाहेबाले उतारावर जाऊ देणार नाही.”

विजयमालाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी चाबी त्याच्या हातात दिली नाही. “नट ढिले कर,” त्या म्हणाल्या. “खळं कुठं हाय ते मले ठाऊक हाय.”

जवळ्याच्या लोकांनी मग एक बाई ढिल्या चाकांची मोटार आठाच्या आकड्यात फिरवताना पाहिली. नवे बसवलेले हब दुसऱ्याच वळणाला सुटले. बाबूसिंगने चाकाची घरं उघडली आणि बोटांनी ग्रीस काढलं, पोकळी रिकामी दिसेपर्यंत. डाव्या बाजूचं बाहेरचं सील काठाशी उलटलं होतं. तिथे रामधनची पाचवी कडी बसवली. ब्रेकचे पट्टे धुवायला घरातल्यांनी घासलेट आणून दिलं, ते त्याने परत केलं.

“घासलेटाचा तेलकटपणा मागं राह्यते. टाकीतलं पेट्रोल काढतो.”

पट्टे पेट्रोलने धुतले, उन्हात वाळवले, पॉलिश कागदाने घासले आणि पुन्हा धुतले. उजव्या चाकाचं ग्रीस बाहेर आलं नव्हतं, तरी तेही तसंच उपसलं. “हे तर चांगलं हाय ना?” वामनरावांनी ओसरीवरून तुटकपणे विचारलं. “उद्या रडन,” बाबूसिंग म्हणाला, आणि वामनरावांना पौषातलं तेच उत्तर आठवलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शेवटी पान्याला पाइप अडकवून, त्यावर अंगाचा सगळा भार टाकून त्याने नट आवळले आणि पिना वळवल्या. आत्तापर्यंत तो एक शब्दही जास्त बोलला नव्हता. रुपीबाईचा डबा अर्ध्याहून जास्त भरला होता.

मग कोणी बस म्हणायच्या आत त्याने मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला. तेलकट कपड्यांखाली पोतं अंथरायला तेवढा विसरला नाही. वामनरावांनी मागे वळून पाहिलं. “तू कुठं?”

“पयल्या मुक्कामापर्यंत, जी.”

घाट चढून वर आल्यावर त्याने गाडी थांबवायला लावली आणि उतरून दोन्ही हबांना हात लावला. शंभरापर्यंत मोजलं, तरी हात मागे आला नाही. तव्यावरून उतरून घटकाभर झालेल्या भाकरीइतकी ऊब, बस. यवतमाळ मागे टाकून कळंबचा उतार लागला, तेव्हा समोर उसाची की कडब्याची एक गाडी आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला. भुरी डावीकडे ओढली गेली नाही, उजवीकडे ओढली गेली नाही. नाक सरळ ठेवून जागच्या जागी थांबली. वामनरावांचा हात दारावर घट्ट आवळला होता, तो हळूहळू सुटला. बाबूसिंगने मागे बसून सोडलेला श्वास पुढच्या दोघांना ऐकू गेला असणार.

चिंतामणीपुढे उभं राहून त्याने शेड मागितली नाही. मागावी असं फार वाटलं, पण मागितली नाही. नुसते हात जोडले. हातांना अजून ग्रीसचा वास येत होता.

परत येताना दिवे लागायच्या सुमाराला भुरी बाभळीपाशी थांबली. रुपीबाई वेचणीहून परत येऊन बंडीवर बसली होती. बाबूसिंग उतरला, डबा तिच्या हातात दिला, आणि आपल्या पोत्याकडे वळला. मागे वळून पाहतो तर वामनराव खाली उतरून, नवं धोतर सावरत, मागच्या चाकापाशी वाकले होते. त्यांनी हाताची मागची बाजू डाव्या हबला लावली. मग पलीकडे जाऊन उजव्या हबला लावली. कुठून शिकले, ते विचारायची सोय नव्हती.

“बाबूसिंग,” ते म्हणाले.

“जी.”

“नागपूरच्या मिस्त्रीनं पाच वेळा माही गाडी बनवली. एकदा तर घरी पोचाच्या आधी बंद पडली. तो काई आला नाही कधी सायकल हाणत.” कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाला ते गिळलेल्या कडू काढ्यासारखं परत बाहेर काढावं लागतं. “शेडचं कुलूप गंजलं असन. तोडून टाक उद्या.”

बाबूसिंग ‘त्यात काय’ असंसुद्धा म्हणाला नाही. रुपीबाईने त्याला आयुष्यात पहिल्यांदाच असं गप्प उभं पाहिलं, आणि तिला एकदम रडू आलं. ते लपवायला ती बंडीच्या चाकाला ओंगण द्यायला वळली.

शेडच्या भिंतीवर खिळे लागले आणि खिळ्यांना पाने. साठ साली महाराष्ट्र झाला, मग पंचायत समितीची जीप आली, कापसाचे ट्रक वाढले, मारेगाव आणि वणीकडचे ड्रायव्हरसुद्धा मागच्या चाकांसाठी आर्णीला थांबू लागले. ग्रीसचा तो डबा रिकामा करून बाबूसिंगने दारासमोरच्या खिळ्याला टांगला होता, चाक भरताना समोर दिसेल असा. त्याचा बोलघेवडेपणा गेला नाही; नम्रपणाही आला नाही. ‘माह्यासारखं सील नागपुरातबी बसत नाही’ हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. फक्त चाकात हात असताना तो गोष्टी सांगत नसे.

आणि काम झालं की तो गिऱ्हाइकाला गाडी देऊन मोकळा होत नसे. ट्रक असो, जीप असो की कोणाची धापा टाकणारी जुनी मोटार, पोतं टाकून मागे बसायचा आणि घाट ओलांडेपर्यंत सोबत जायचा. तिथे उतरून हबांना हात लावायचा आणि मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी, परत यायचा. म्हणून शेड बरेचदा उघडी आणि रिकामी असे. नवखा ड्रायव्हर आत डोकावून हाका मारायचा, तेव्हा शेजारी सरकी निवडत बसलेली रुपीबाई मान वर न करता सांगायची, “बसा. मिस्त्री गोनीसंग गेले हायेत.”